रुपया नव्वदीपार गेला, म्हणजे आपलीही श्रीलंका होणार का?

2025 च्या डिसेंबरात एका डॉलरला 90 रुपयांहून जास्त मोजावे लागू लागले आणि घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जुना प्रश्न नव्याने फिरू लागला. देश दिवाळखोर होतो म्हणजे काय होतं? बँकेतले पैसे जातात का? श्रीलंकेत 2022 मध्ये सिलिंडरसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, ते आपल्याकडेही होईल का?

श्रीलंकेत नेमकं काय अडलं हे नीट कळलं, तर आपल्याला कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही हे बऱ्यापैकी ठरवता येतं. शेवटी एक गोष्ट मात्र अशी उरते, जिची काळजी रुपयाच्या भावापेक्षा जास्त करायला हवी.

देशाकडे पैसे संपतात, म्हणजे कोणते पैसे?

श्रीलंकेच्या सरकारला श्रीलंकन रुपये कधीच कमी पडणार नव्हते. स्वतःचं चलन कुठलंही सरकार छापू शकतं. संपले ते डॉलर.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कणगी ज्वारीने भरलेली असते, पण मीठ, डिझेल आणि दवाखाना ज्वारीवर मिळत नाही. त्याला रोकड लागते, आणि रोकड येते ती काहीतरी बाजारात नेऊन विकल्यावर किंवा मुंबईला गेलेल्या मुलाने पैसे पाठवल्यावर. देशाचं तसंच आहे. तेल, औषधांचा कच्चा माल, खत, यंत्रं यांची किंमत डॉलरमध्ये चुकवावी लागते. डॉलर येतात ते निर्यातीतून, पर्यटकांकडून, परदेशात काम करणाऱ्या आपल्या माणसांकडून, परकीय गुंतवणुकीतून आणि कर्जातून. मध्यवर्ती बँक हे डॉलर आणि सोनं साठवून ठेवते, त्याला परकीय गंगाजळी म्हणतात. ती किती महिन्यांच्या आयातीला पुरेल, हा पहिला बघायचा आकडा. तीन महिने ही सर्वसाधारणपणे किमान मर्यादा मानली जाते.

श्रीलंकेत काय काय जुळून आलं

एका चुकीने देश बुडत नाही. श्रीलंकेत चार-पाच गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

2007 पासून श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरमधले रोखे विकून कर्ज घ्यायला सुरुवात केली. जागतिक बँकेसारख्या संस्थांचं कर्ज स्वस्त आणि दीर्घ मुदतीचं असतं. रोख्यांचं तसं नसतं. व्याज जास्त, आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी परत द्यावं लागतं. जुने रोखे फेडायला नवे विकायचे, असं चक्र सुरू राहिलं. नवे रोखे घेणारा कोणी आहे तोवर हे चालतं.

एप्रिल 2019 मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटक आटले. त्याच वर्षाच्या शेवटी नव्या सरकारने व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला, इतरही कर कापले. लोकांना ते अर्थातच आवडलं. पण तिजोरीला मोठं भगदाड पडलं, आणि पाठोपाठ कोविड आला. पर्यटन बंद पडलं. 2020 मध्ये कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांनी देशाचा दर्जा घसरवला, त्याबरोबर नवे रोखे विकण्याचा रस्ता बंद झाला. चक्र थांबलं ते इथे.

मग 2021 च्या मे महिन्यात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. नाव सेंद्रिय शेतीचं होतं, पण खतावरचे डॉलर वाचवण्याचाही मोह त्यात होताच. शेतकऱ्याला तयारीला वेळ नाही, पुरेसं सेंद्रिय खत नाही. नोव्हेंबरात बंदी बरीचशी मागे घेतली, तोवर हंगाम हातचा गेला होता. त्या मोठ्या हंगामात भाताचं उत्पादन एक तृतीयांशाहून जास्त घटलं आणि जो देश स्वतःपुरता तांदूळ पिकवत होता, तो तांदूळ आयात करू लागला. वाचवलेले डॉलर असे दुसऱ्या दाराने बाहेर गेले.

सगळ्यात महाग पडलेली चूक: दर रोखून धरणं

रुपयाच्या बातमीशी या भागाचा थेट संबंध आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डॉलर कमी पडत असताना श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने एका डॉलरला साधारण 200 ते 203 रुपये हा दर 2022 च्या मार्चपर्यंत रोखून धरला. कागदावर रुपया स्थिर दिसत होता. पण बाजारात डॉलरला त्याहून जास्त भाव मिळत होता. आखातात राबणाऱ्या श्रीलंकन कामगाराने बँकेतून पैसे पाठवावेत तर घरच्यांच्या हातात कमी रुपये पडायचे. हवालाने, ज्याला तिकडे उंडियाल म्हणतात, पाठवले तर जास्त. माणसं काय करणार? बँकांमधून येणारा कामगारांचा पैसा 2020 मध्ये सुमारे 7.1 अब्ज डॉलर होता, तो 2021 मध्ये साडेपाच अब्जांवर आला. म्हणजे दर वाचवण्याच्या नादात देशाने आपली डॉलरची सगळ्यात भरवशाची आवक स्वतःच अडवली. निर्यातदारही डॉलर परदेशातच ठेवू लागले.

2019 च्या अखेरीस गंगाजळी सुमारे 7.6 अब्ज डॉलर होती. मार्च 2022 अखेर कागदावर 1.9 अब्ज उरली, आणि त्यातले दीड अब्ज चीनबरोबरच्या चलन-अदलाबदलीचे, म्हणजे करारापोटी मिळालेल्या चिनी चलनातले होते. ते वापरायची अट अशी, की आधी तुमच्याकडे तीन महिन्यांच्या आयातीइतकी गंगाजळी हवी. गरज पडायची वेळ आली की नेमका हात लावता येणार नाही, असा हा साठा. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की प्रत्यक्ष वापरता येतील असे 5 कोटी डॉलरसुद्धा नाहीत.

इतकं असताना जानेवारी 2022 मध्ये 50 कोटी डॉलरचा एक रोखा फेडला गेला. पत राखायला, असं सांगण्यात आलं. त्या डॉलरमध्ये किती औषधं आणि किती डिझेल आलं असतं, हा प्रश्न तेव्हाही तिथले अर्थतज्ज्ञ विचारत होते. शेवटी 7 मार्चला दराची पकड सोडली, आणि मेपर्यंत डॉलर 360 रुपयांच्या आसपास गेला. 12 एप्रिलला सरकारने परकीय कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा एकूण परकीय कर्ज 51 अब्ज डॉलर होतं.

डॉलर संपल्यावर सिलिंडर का येईना?

आयात करणारी कंपनी रोख डॉलर घेऊन बंदरावर जात नाही. तिची बँक पुरवठादाराच्या बँकेला एक हमी देते, माल पोचल्याची कागदपत्रं आली की पैसे आम्ही देऊ. तिला लेटर ऑफ क्रेडिट, व्यापाराच्या भाषेत एलसी म्हणतात. बँकेकडे डॉलर नाहीत असं एकदा जगाला कळलं, की तिची एलसी कोणी मान्य करत नाही. दुसऱ्या एखाद्या मोठ्या परदेशी बँकेची जोड-हमी मागतात, नाहीतर सगळी रक्कम आगाऊ. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की पेट्रोलचं एक जहाज 28 मार्चपासून किनाऱ्यालगत उभं आहे. त्याचे पैसे द्यायला डॉलर नाहीत, आणि जानेवारीत आलेल्या आधीच्या खेपेचे 5 कोटी 30 लाख डॉलर बाकी आहेत. पेट्रोल डोळ्यांसमोर होतं, पण उतरवून घेता येत नव्हतं.

गॅसचं तेच. साडेबारा किलोचं घरगुती सिलिंडर 2021 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 1,493 श्रीलंकन रुपयांना होतं, ते एप्रिल 2022 मध्ये 4,860 ला गेलं, आणि त्या भावालाही मिळेल याची खात्री नव्हती. जुलैत पेट्रोलसाठी क्यूआर कोडचं रेशन आलं. सुरुवातीला आठवड्याला दुचाकीला 4 लिटर, रिक्षाला 5, मोटारीला 20.

लोकांचे पैसे बुडाले का?

बँका बंद पडल्या नाहीत. ठेवी कागदावर जशाच्या तशा राहिल्या, आणि तोटा तिथेच झाला. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोतली महागाई वर्षभरात 69.8 टक्के होती, अन्नधान्याची 94.9 टक्के. एक लाखाची ठेव एक लाखच राहिली, पण त्या लाखात येणारं अन्नधान्य जवळजवळ निम्म्यावर आलं. पगार त्या वेगाने वाढले नाहीत. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे गरिबांचं प्रमाण एका वर्षात 13 टक्क्यांच्या आसपासून 25 टक्क्यांवर, म्हणजे दुपटीच्या जवळ गेलं. 2022 मध्ये 3 लाखांहून जास्त लोक कामासाठी देशाबाहेर गेले.

पुढच्या सप्टेंबरात महागाईचा दर 1.3 टक्क्यांवर आला. बातम्यांत ‘महागाई आटोक्यात’ असं छापून आलं आणि तिथल्या गृहिणी चिडल्या, ते बरोबरच होतं. दर कमी झाला म्हणजे भाव वाढण्याचा वेग कमी झाला. वाढलेले भाव खाली आले नाहीत. आपल्याकडेही महागाईचा आकडा कमी आल्याची बातमी वाचून ‘मग डाळ कुठे स्वस्त झाली?’ असं जे वाटतं, त्याचं उत्तर हेच.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं तीन अब्ज डॉलरचं कर्ज मार्च 2023 मध्ये मंजूर झालं, तेही टप्प्याटप्प्याने आणि अटींसह. 8 टक्क्यांवर आणलेला व्हॅट जानेवारी 2024 मध्ये 18 झाला. दरम्यान 2022 मध्ये भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली होती, त्यात पेट्रोल-डिझेल आणि औषधांसाठीचं कर्जही होतं.

‘चीनच्या कर्जामुळे बुडाले ना?’

अर्धवट खरं. हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलं, त्यामुळे ही गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली. पण परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता, चीनचा त्याहून कमी. एकाच खलनायकावर बोट ठेवलं की करकपात, खतबंदी आणि दराचा हट्ट या घरच्या चुका विस्मरणात जातात.

भारत या उंबरठ्यापर्यंत गेला होता का?

1991 मध्ये गेला होता. आखाती युद्धामुळे तेल महागलं, आखातातून येणारे पैसे रोडावले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. जूनपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल इतकेच डॉलर उरले. मे महिन्यात सरकारने 20 टन सोनं स्विस बँकेला दिलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे 47 टन गहाण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून साधारण 40 कोटी डॉलर उभे केले. 1 आणि 3 जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. पण आपण एकही हप्ता चुकवला नाही. 2022 ची श्रीलंका आणि 1991 चे आपण यांत फरक पडला तो इतकाच, आणि तो फार मोठा होता.

मग 90 चा अर्थ काय?

डिसेंबर 2025 मध्ये आपली गंगाजळी 700 अब्ज डॉलरच्या आसपास होती, साधारण 11 महिन्यांच्या वस्तू-आयातीला पुरेल इतकी. मुळातच एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीसाठी घेतलेलं परकीय कर्ज मार्च 2025 मध्ये या गंगाजळीच्या पाचव्या हिश्श्याइतकं होतं. तेव्हा एकूण परकीय कर्ज 736 अब्ज डॉलर होतं, जीडीपीच्या 19 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलाही जवळपास तिसरा हिस्सा रुपयांतच फेडायचा होता. परदेशातले भारतीय वर्षाला 130 अब्जांहून जास्त डॉलर पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत त्यातला सगळ्यात मोठा वाटा, सुमारे 20 टक्के, महाराष्ट्रात येतो असं दिसलं. केरळ दुसरा.

‘पण सरकारवर जीडीपीच्या 80 टक्के कर्ज आहे!’ केंद्र आणि राज्यं मिळून तेवढं आहे. ते बहुतांशी रुपयांत आहे, आणि कर्ज देणारे म्हणजे आपल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. या कर्जाने पेट्रोलचं जहाज अडत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. अर्थसंकल्पाचा मोठा हिस्सा व्याजात जातो, आणि शाळा-दवाखान्यांना तेवढं कमी उरतं. तो संथ त्रास आहे.

आणि रुपया घसरू देणं हे श्रीलंकेच्या उलट आहे. दर हळूहळू खाली येऊ दिला की आयात महागते, निर्यातदाराला आणि दुबईहून पैसे पाठवणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, आणि हवालाकडे जायचं कारण उरत नाही. काळजी तेव्हा करावी, जेव्हा सरकारी दर आणि बाजारातला दर यात फरक पडू लागेल, किंवा गंगाजळी महिनोन् महिने सलग घटत जाईल. रिझर्व्ह बँक हा आकडा दर शुक्रवारी जाहीर करते. रोज डॉलरचा भाव बघण्यापेक्षा महिन्यातून एकदा हा बघावा.

घसरणीचा घरखर्चावर किती परिणाम होतो, हेही मोजता येतं. कच्च्या तेलाच्या एका पिंपात 159 लिटर असतात. पिंप 70 डॉलर धरलं तर लिटरमागे 44 सेंट. डॉलर 85 वरून 90 ला गेला की लिटरमागे कच्च्या मालाचा खर्च साधारण सव्वादोन रुपयांनी वाढतो. पंपावर तो लगेच दिसेलच असं नाही, कारण तिथला भाव कर आणि तेलकंपन्या ठरवतात. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त आयात करतो, तिथे परिणाम लवकर दिसतो. मुलगी अमेरिकेत शिकत असेल आणि वर्षाची फी 40 हजार डॉलर असेल, तर 34 लाखांचे 36 लाख होतात. तिथे मात्र फटका थेट बसतो.

मग घरात जाणवणारी ओढाताण खोटी का?

मुळीच नाही. फक्त तिचं कारण डॉलर नाही.

जीडीपी साडेसहा-सात टक्क्यांनी वाढतो, तो सगळ्यांच्या उत्पन्नाची बेरीज असतो. कोणाचं किती वाढलं हे तो सांगत नाही. महागाईचा आकडाही सरासरी टोपलीचा, म्हणजे देशातल्या सरासरी कुटुंबाच्या खरेदीचा असतो. 2012 पायाभूत वर्षाच्या टोपलीत खाण्यापिण्याला सुमारे 46 टक्के वजन होतं, आरोग्याला 6 टक्क्यांहून कमी, शिक्षणाला साडेचार टक्के. पुण्या-नाशिकच्या दोन मुलांच्या कुटुंबाचा खर्च या टोपलीसारखा नसतोच. भाजी स्वस्त झाली की सरकारी आकडा खाली येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये तर तो 0.25 टक्क्यावर आला होता. तुमची शाळेची फी आणि आरोग्यविम्याचा हप्ता मात्र त्या महिन्यातही वाढलेलाच असतो.

घरची महागाई मोजायला एक संध्याकाळ पुरते. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा एकच महिना घ्या, दिवाळी किंवा शाळा सुरू होण्याचा सोडून. बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची नोंद काढा. कर्जाचे हप्ते वगळा, ते महागाईत येत नाहीत. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे फी आणि विमा, बाराने भागून घ्या. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: नवा फोन किंवा जास्तीचं हॉटेलिंग हा वाढलेला खर्च आहे, वाढलेला भाव नाही. तितक्याच मापाच्या वस्तूची तुलना करा.

समजा घरखर्च 40,000. त्यात किराणा-दूध-भाजी 14,000, वाढ 3 टक्के. भाडं 12,000, वाढ 8 टक्के. शिक्षण 7,000, वाढ 12 टक्के. औषधं आणि विमा 3,000, वाढ 15 टक्के. वीज-प्रवास 4,000, वाढ 2 टक्के. वाढीव रक्कम अनुक्रमे 420, 960, 840, 450 आणि 80, एकूण 2,750. म्हणजे घरची महागाई जवळपास 7 टक्के. पगार 6 टक्के वाढला असेल तर पेढे वाटूनही घर मागेच गेलं आहे. देशाच्या भवितव्याची जी धास्ती वाटते, तिचा बराचसा भाग मला या एका टक्क्यात दिसतो. दरवर्षीचा हा एक टक्का भरून काढायला लोक बचत मोडतात, मग वैयक्तिक कर्ज घेतात. 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे आर्थिक बचतीतून नवं कर्ज वजा जाता उरलेली रक्कम, जीडीपीच्या 5 टक्क्यांच्या आसपास, कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली, ती बातमी रुपया 90 ला जाण्याहून गंभीर होती. तिच्यावर व्हॉट्सअॅपवर फारसं कोणी बोललं नाही.

सोनं घेऊन ठेवावं का? ठेवी काढाव्यात का?

थोडं सोनं असायला हरकत नाही. सगळी बचत घाबरून सोन्यात घालू नये. सोनंही आयातच होतं, त्यामुळे त्याचा भाव डॉलरबरोबर वर जातो तसा जागतिक भाव पडला की खालीही येतो, आणि दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

ठेवींच्या बाबतीत देश बुडण्याची भीती बाजूला ठेवा आणि आपली बँक बघा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्या वर्षी देशाची गंगाजळी उत्तम होती. फेब्रुवारी 2020 पासून ठेवविम्याची मर्यादा 5 लाख आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या एका ठेवीदारामागे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी मर्यादा एकच, कारण सगळ्या एकत्र मोजतात. स्वतःच्या नावावरचं खातं आणि पती-पत्नीचं संयुक्त खातं मात्र वेगळं धरलं जातं. 5 लाखांची ठेव ठेवली तर वरचं व्याज विम्याबाहेर राहतं, म्हणून साडेचारच्या आत थांबावं. सहकारी बँकांना हा विमा आहे. गावोगावच्या पतसंस्थांना नाही, मग पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात ‘सुरक्षित’ लिहिलेलं असो. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवली असेल, तर ती मुदत संपेल तशी टप्प्याटप्प्याने दोन-तीन बँकांत हलवायला घ्यावी.